सड्यावरचं चाक

सांगलीच्या स्टँडवर एस्टीतून उतरताना हरणाबाईनं आधी चांगला पाय खाली टेकवला, मग दांडीला धरून अधू पाय ओढून घेतला. गुंडा, तिचा नवरा, तोवर गर्दीत पुढं निघून गेला होता. त्याच्या फेट्याच्या शेमल्यावर नजर ठेवून ती मागनं चालली. एरवी परक्या गावात शिरताना ती पाय चोरून चालायची. आज मात्र खुशाल लंगडत होती. आज चाक घ्यायचं होतं.

चाक म्हणजे एकचाकी सायकल. हँडल नाही, पुढचं चाक नाही, ब्रेक नाही. एक रिम, एक टायर, दोन पायडल आणि वर सीट. आटपाडीपासून फलटणपर्यंत जत्राजत्रांतून गुंडाचा सायकलचा खेळ लागायचा. दिवसरात्र सायकलवरनं न उतरता तो रिंगणात फिरायचा. चहा सायकलवर, भाकरी सायकलवर, डोकं टेकून डुलकीसुद्धा सायकलवर. लोक येत, बघत, जात. पण शेवटच्या दिवशी उन्हं कलली की सगळं गाव लोटायचं ते हरणाबाईसाठी. काष्टा घट्ट मारून, डोईवर तांब्याची कळशी घेऊन ती एकचाकीवर चढली, की बायका तोंडाला पदर लावायच्या आणि म्हातारे ओढायची विडी हातातच विसरायचे.

मेंढरांमागं चालून घडलेलं तिचं अंग. भुई पायाला काय सांगते ते तिला लहानपणापासून कळायचं. मुरूम कुठं सरकतो, काळी माती कुठं धरून ठेवते, कुठल्या ढेकळाखाली पोकळी आहे. चाकावर बसल्यावरही ते कळतच राहायचं, जणू टायर म्हणजे तिच्याच पायाची टाच. फिरताना ती स्वतःशीच एक ओवी म्हणायची, तिनंच रचलेली:

एका चाकाचा गं रथ, न्हाई जू न्हाई बैल
माज्या पायाच्या जोरावं भुई चालं मैलोमैल

दोन वर्षांमागं, दुष्काळ सरून पहिलं बरं पीक आलं त्या साली, माणाकडच्या एका गावात चाक तिच्याखालनं सुटलं. बाईमाणूस खेळ करणार म्हणून त्या गावच्या बायकांनी कौतुकानं रिंगणात शेणाचा सडा टाकला होता, कडेनं रांगोळी घातली होती. मान दिला होता. गुंडाची सायकल फिरून फिरून रिंगणाची भुई आधीच आरशासारखी झालेली, तिच्यावर ओल्या शेणाची पातळ साय. आणि चाकाला गुंडानं हौसेनं आणलेला गुळगुळीत टायर. आधी कळशी पडली की आधी आपण, हे तिला आजही सांगता आलं नसतं. हाडवैद्यानं कमरेचं हाड बसवलं, ते वाकडंच बसलं.

"टायर सुटला," ती म्हणायची.

"तोल गेला म्हन की," गुंडा म्हणायचा. "रबराला काय अक्कल आस्ती व्हय, कुठं सुटायचं आन कुठं न्हाई?"

तेव्हापासून हरणाबाई रिंगणाबाहेर बसून नवऱ्याला चहाची किटली पुरवायची. शेवटच्या दिवशी लोक विचारायचे, "चाकावरची बाई कुठाय?" आणि ती किटलीत बघायची.

पण गेला पावसाळाभर मेंढरं कोंडायच्या वाघुरीमागं, जाळीच्या आडोशाला, ती जुनं चाक घेऊन सराव करत होती. आधी भिंत धरून, मग काठी धरून, मग काठी टाकून. अधू पाय वर यायला वेळ लावायचा. तिनं त्या उशिराचाच ठेका केला, एक घाव लांब, एक आखूड, जात्यावर दमलेल्या बाईच्या हातासारखा. ठेका जमला तसं चाकही ऐकू लागलं. दिवाळीला नणंदेची बनू जतहून आली, ती सोबतीला मिळाली. विशी ओलांडलेली, ठेंगणी, चपळ पोर. हरणाबाईनं हसत हसत तिला चाकावर बसवलं, तोल शिकवला, ओवी शिकवली. गुंडानं एकदा वाघुरीआडनं दोघींना बघितलं. संक्रांत झाल्यावर म्हणाला,

"नवं चाक करू. सांगलीला चल. तुला कळतंय त्यातलं, तूच निवड."

कुणासाठी हे तिनं विचारलं नाही. त्यात विचारायचं काय होतं?

आप्पासोचं सायकलचं दुकान गणपती पेठेमागच्या बोळात होतं. दारात उलट्या टांगलेल्या सायकली, आत नव्या रबराचा वास. आप्पासोनं चष्मा कपाळावर सारला.

"या वहिनी, या! लई दिवसांनी. मला वाटलं, तुम्ही आता विमानच घेतलं."

"इमानाला बी चाकं लागत्यातच की आप्पासो. तवा बी तुमच्याकडंच यावं लागंल."

आप्पासो हसला, गुंडाही हसला. कोपऱ्यातल्या खुंट्यांवरनं आप्पासोनं दोन रिमा काढल्या. एक निकेल केलेली, तोंड दिसावं अशी लखलखीत. दुसरी काळ्या रंगाची, जाड पोलादाची. हरणाबाईनं दोन्ही नखानं वाजवल्या. लखलखीत रिम पैंजणासारखी वाजली. काळी रिम घुमली आणि गप्प झाली. मग तिनं काळी रिम डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून फिरवली. कुठं वाक नव्हता.

"ही," ती म्हणाली.

"आगं, ही काळीढुस?" गुंडा म्हणाला. "गॅसबत्तीच्या उजेडात ती बघ कशी दिसंल! मानसं लांबनं बघत्यात."

"मानसं लांबनं बघत्यात, मी वर बसत्ये. पातळ हाय ती. खड्यावर गेली की पोचा पडंल."

"वहिनींचं खरं आहे," आप्पासो म्हणाला. "पण दिसायला ही राजकन्या आहे, हां."

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं राजकन्या. मला बैल पायजे."

मग टायर. आप्पासोनं कागदात गुंडाळलेले दोन समोर टाकले. एकाच्या कडा पांढऱ्याशुभ्र, वर नक्षी नावापुरती, हात फिरवला तर रेशीम. दुसरा साधा काळा, त्याच्यावर खोल खाचा, नांगरटीच्या तासांसारख्या. हरणाबाईनं एका खाचेत बोट घातलं. नखाएवढं आत गेलं.

"ह्यो. सडा आसू दे, चिखल आसू दे, ह्यो भुई सोडायचा न्हाई."

"झालं! आला सडा!" गुंडानं मांडीवर थाप मारली. "आप्पासो, हिचा तोल गेला आन दोन वरीस झाली शेणाला शिव्या खाव्या लागत्यात. आगं, खाचाचा टायर गिरकी घेताना आडतो. ह्यो गुळगुळीत बघ, भवऱ्यागत फिरंल."

"भवरा पडतोच की शेवटाला."

"वहिनींच्या तोंडाला लागू नका, गुंडोबा," आप्पासो म्हणाला. "त्यांचं बूड, त्यांचं चाक. बरं, रिम किती नंबरची देऊ?"

"चोवीसची," हरणाबाई म्हणाली. "माझा पाय लांब हाय."

"थांब," गुंडा म्हणाला. त्यानं बंडीच्या खिशातनं एक काळा दोरा काढला. दोन्ही टोकांना गाठी होत्या. "माप आनलंय."

हरणाबाईला हसू फुटलं. "आवं, मी हितं हुबी हाय की! दोऱ्याचं माप कशाला? सासुरवाडीला काय जोडवी करून धाडायची हायत?"

तिनं त्याच्या हातातनं दोरा घेतला. एक गाठ टाचेखाली दाबली, दुसरी वर ओढली, पोटरीवरनं, गुडघ्यावरनं. दोरा मांडीपाशीच संपला. कमर अजून वीतभर वर होती.

"चुकलंय माप," ती म्हणाली. "कुनी घेतलं?"

"आक्कानं."

आक्का म्हणजे गुंडाची थोरली बहीण, जतची. बनूची आई.

गुंडा दारातल्या उलट्या सायकलींकडं बघत होता. "वीसची रिम दावा, आप्पासो," तो म्हणाला. आप्पासोनं दोघांकडं एकेकदा बघितलं, चष्मा डोळ्यावर घेतला आणि मागच्या खोलीत गेला.

हरणाबाईनं टाच उचलली. दोरा भुईवर पडला.

"बनूला व्हय?"

"व्हय."

"मी बसत्ये की आवं. तुमी बघितलंय मला वाघुरीआडनं."

"बनूला बघत हुतो," गुंडा म्हणाला. मग आवाज मऊ केला. "लंगडी बाई चाकावर चढली तर मानसं हसतील गं. तुज्या भल्यासाठीच. आन आक्का म्हनती, पोर बाहीर कशाला द्यायची, मामाच्याच घरात ऱ्हाईल. फलटणकडची जत्रा झाली की हळद लावू. तुला कोन जा म्हनतंय? ऱ्हा की तू बी. तिला शिकीव."

"मग मला हितं कशाला आनलं?"

"तुला कळतंय म्हनून."

हे तो इतकं सरळ म्हणाला, की त्यात त्याला काही वावगं वाटतंय असं त्याच्या तोंडावर शोधूनही सापडलं नसतं. हरणाबाईनं शोधलं.

आप्पासो दोन छोट्या रिमा घेऊन बाहेर आला, एक काळी, एक लखलखीत. "दोन्हीत वीसची आहे. आणि वहिनी, खाचांचा टायर म्हणत होता मघाशी. त्यातलाही वीसचा आहे. बसवू?"

हरणाबाईनं खाचांचा टायर हातात घेतला, खाली ठेवला. पांढऱ्या कडांचा घेतला. त्याच्यावरनं बोट फिरवलं. बोट कुठंच थांबलं नाही.

"ह्यो बसवा," ती म्हणाली. "रिम बी लखलखीत घ्या. नवरीला शोभंल."

"पण सड्यावर..." आप्पासो म्हणाला.

"सडा काय रोज टाकत्यात?"

"आता कसं शान्यावानी बोललीस!" गुंडा म्हणाला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. त्यानं तिघांसाठी चहा मागवला. हरणाबाईनं बशीत ओतला आणि निवेपर्यंत तशीच बसून राहिली.

परतीच्या एस्टीत चाक तिच्याच मांडीवर होतं. टपावर टाकलं तर ओरखडा पडेल, असं गुंडा म्हणाला.

फलटणकडचं ते गाव उसाचं होतं. पाटाला पाणी, गोठ्यात दुभती जनावरं, जत्रेला नव्या लुगड्यांची गर्दी. देवळामागच्या मोकळ्या रानात रिंगण आखलं. गुंडा सायकलवर चढला आणि फिरत राहिला. हरणाबाई कडेला किटली घेऊन बसली. भुई दिवसागणिक दबत, घोटत, गुळगुळीत होत गेली. तिला ते चालत जाऊन बघावं लागत नव्हतं. बसल्या जागी सायकलच्या आवाजावरनं कळत होतं. आधी चाकाखाली माती कुरकुरायची, मग तिनं कुरकुरायचं सोडलं.

शेवटच्या दिवशी दुपार टळताना गावच्या चार बायका बादल्या घेऊन आल्या. पुढं अंबूबाई होती, मोठ्या बागायतदाराच्या घरची, ठसठशीत कुंकवाची.

"आवं बाई, आज म्हनं तुमच्यात नवरी व्हऊन यायची पोर चाकावर बसनार. आमच्या गावात बाईमानसाला कोरड्या भुईवर खेळू देत न्हाईत. सडा टाकावा म्हनतोय. चालंल न्हवं?"

पलीकडं गुंडा सायकलवर, डोळे अर्धे मिटलेले, फिरतच होता. त्याला कुणी विचारणार नव्हतं. विचारायचं ते तिलाच होतं.

"टाका की," हरणाबाई म्हणाली. "तुमचा मान हाय."

ओंजळी भरभरून सडा पडला. हिरवट ओल रिंगणभर पसरली, उन्हात चमकली. कडेनं रांगोळीची वेल गेली. हरणाबाईच्या कमरेतलं हाड दुखायला लागलं, ढग भरून आल्यासारखं.

उन्हं कलली. गुंडा सायकलवरनं उतरला, दोघांनी त्याला धरलं, गुलाल उधळला, भोंग्यावर त्याचं नाव झालं. मग बनू आली. हिरवं लुगडं, घट्ट काष्टा, बगलेत लखलखीत चाक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बनू रिंगणात न जाता आधी हरणाबाईकडं आली. वाकली, पाया पडली.

"मामी, मला कालपतोर लय भ्या वाटत हुतं. पर मामा म्हनला, टायर मामीनं सोता निवडलाय. मग म्हनलं, आता कशाचं भ्या?"

आणि ती चाकावर हात ठेवून, ओठातल्या ओठात, ओवी म्हणू लागली. न्हाई जू न्हाई बैल. ठेका चुकत होता. दोन्ही घाव सारखे घेत होती, धडधाकट पायाचे.

हरणाबाईनं तिच्या कमरेकडं बघितलं. बारीक, सरळ कंबर.

"थांब," ती म्हणाली.

टायर बदलायला वेळ नव्हता. दुसरा टायर सांगलीत होता. सड्यावर माती टाकायची तर सगळ्या गावाचा मान पुसायचा. हरणाबाई अधू पाय लांब पसरून कशीबशी खाली बसली, चाक ओढून घेतलं, व्हॉल्व्हची चक्की सैल केली. हवा सूं करत बाहेर पडली. मेंढराच्या पायाखाली सापडलेल्या फुग्यासारखा टायर मऊ झाला, बसला, पसरला. भुईवर पसरून बसेल तितकाच धरेल, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं, आणखी थोडी सोडली, चक्की आवळली.

"मामी, काय करताय? हवा गेली की!"

"जा आता. हळू जा. गिरकी घिऊ नगं."

"आवं पर..."

"जा म्हनत्ये न्हवं!"

भोंग्यावर बनूचं नाव झालं होतं. ती डोईवर कळशी घेऊन चढली.

चाक फिरलं, पण भवऱ्यासारखं नाही. मऊ टायर सड्याला चिकटून, ओढत, चिखलातनं गाडी जावी तसा चालला. बनू दात-ओठ खाऊन पायडल मारत होती. एकदा चाक कडेला सरकलं, पण टायरनं भुई धरली. दुसऱ्यांदा सरकलं, पुन्हा धरली. कळशी हिंदकळली. लोकांना गिरकी बघायची होती.

"आगं, हवा भर की!" कुणीतरी ओरडलं.

"सायकल हाय का उसाची गाडी?"

"वर गाडीवान बी गोड हाय गड्या!"

हसू फुटलं. अर्धा वेढा उरला होता, तेव्हा रांगोळीजवळ एका खड्यावर चाक गेलं. मऊ टायर दबला, रिम थेट दगडावर आपटली आणि ठण्ण वाजली. चाक लंगडायला लागलं. बनूनं उडी मारली. दोन्ही पायांवर, नीट, उभी राहिली. कळशी पडली आणि लोक उठून चालायला लागले.

गुंडा गुलालानं माखलेला धावत आला. त्यानं चाक उचललं, टायर दाबला, रिमचा पोचा बघितला.

"हवा कुनी काढली?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "त्या किटलीवाल्या बाईनं. आमी बघत हुतो की."

अंबूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "आगं बया! म्हंजी आमी मानानं सडा टाकला, आन तू पोरीचं चाक मारलंस? सवत येती म्हनून इतकं? पोर मेली आस्ती गं!"

"टायर तूच निवडलास," गुंडा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मला वाटलं, मोठ्या मनाची हायस. आप्पासोला बी म्हनलो मी तसं."

हरणाबाईच्या तोंडात सगळं होतं. सड्यावर गुळगुळीत टायर सुटतो, हवा कमी असली तर धरतो, म्हणून पोर उभी आहे. एवढंच सांगायचं होतं. पण मग गुळगुळीत टायर का निवडला, हे कुणीतरी विचारलं असतं. सडा टाका म्हणून का सांगितलं, हे अंबूबाईनं विचारलं असतं. तिनं सांडलेली कळशी उचलून उभी केली.

बनू रडत होती. "तुमी आसं कराल, आसं वाटलं न्हवतं मामी," एवढंच म्हणाली.

सकाळी हरणाबाईनं गाठोडं बांधलं. तिचा भाऊ मेंढरं घेऊन माणाकडं होता, तिकडंच जायचं ठरलं. ठरलं म्हणजे गुंडा म्हणाला, आणि ती उठली. जुनं चाक तिनं मागितलं. गुंडा म्हणाला, त्याच्या तारा लागतील दुरुस्तीला.

देवळामागं तो दगडानं ठोकून रिमचा पोचा काढत होता. निकेल उडून आतलं पोलाद दिसत होतं. पुढचं गाव दोन दिवसांवर होतं, तिथंही जत्रा, तिथंही बायका असणार, गोठे असणार. ठोकून झाल्यावर बनूनं पंप लावला.

हरणाबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बनू," ती हळू म्हणाली. "सडा टाकलेला आसला तर हवा कमी ठिव. पोरी, एवढं ऐक."

बनूनं वर बघितलं नाही. पंप खाली-वर होत राहिला, सारख्या ठेक्यात. हरणाबाई थोडी थांबली, मग गाठोडं काखेला मारून एस्टीच्या थांब्याकडं निघाली.

बनूनं टायरवर अंगठा दाबला. दगडासारखा झाला होता. हरणाबाईच्या पाठीकडं बघत तिनं पंप पुन्हा हातात घेतला आणि वरनं आणखी हवा भरली.